सावलीभोवतीची राखाडी चौकट

२७ ऑगस्ट २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आणला, तेव्हा अर्धपारदर्शक चित्राचं गणित सुटून चोवीस वर्षं होत आली होती. ते गणित जिच्यात नीट बसेल अशी फाइल मानक ठरल्यालाही पाच वर्षं होत आली होती. तरीही एखाद्या वेब डिझायनरने गोल बटण काढून त्याखाली मऊ, कडेला विरत जाणारी सावली टाकली, की या नव्याकोऱ्या ब्राउझरमध्ये सावलीचा पत्ता नसे. दिसे ती बटणाभोवतीची मळकट राखाडी चौकट. त्या काळात जगातले दहातले नऊ लोक इंटरनेट एक्स्प्लोररच्या कुठल्या ना कुठल्या आवृत्तीतूनच वेब बघत. त्यामुळे 'हा ब्राउझर सोडून द्या' असं म्हणायची सोय नव्हती. पुढची काही वर्षं बऱ्याच हुशार माणसांची बरीच हुशारी एका सावलीपायी खर्ची पडली.

ही सगळी कथा तंत्रज्ञान मागे पडल्याची नाही. अडचण नेमकी कशी सोडवायची हे कळलेलं होतं, लिहून ठेवलेलं होतं, फुकट वाटलेलंही होतं. आडवं आलं ते आधी एक पेटंट आणि मग एका मोठ्या कंपनीचा निवांतपणा.

गणिताची सुरुवात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाली. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या खासगी संस्थेचे संस्थापक अलेक्झांडर शूर यांना कॉम्प्युटरवर ॲनिमेशनपट काढण्याचा ध्यास लागला होता आणि त्यासाठी ते हात मोकळा सोडून खर्च करत. त्यांच्या प्रयोगशाळेत १९७७ च्या सुमारास एड कॅटमल आणि ॲल्वी रे स्मिथ काम करत होते. पुढे पिक्सार उभी करणारे ते हेच दोघे. कॅटमल एक आकृती निरनिराळ्या पार्श्वभूमींवर बसवून बघत होता आणि दर वेळी पार्श्वभूमी बदलली की आकृती पहिल्यापासून काढावी लागत होती. त्या काळच्या यंत्रांवर हे काम जीव खाणारं. स्मिथने तोड काढली. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आपण साठवतोच, तर चौथाही साठवू: हा बिंदू आपल्या खालचं किती झाकतो. चार आकडे साठवणारा प्रोग्राम आपण रातोरात लिहून काढला, असं स्मिथने पुढे नमूद केलं आहे. दोन गोष्टींचं मिश्रण मांडायच्या जुन्या सूत्रात प्रमाणासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर येतं, म्हणून चौथ्या आकड्याचं नावही अल्फा पडलं.

हा आकडा जवळून बघण्यासारखा आहे, कारण मऊ सावली म्हणजे दुसरं काही नाहीच. आठ बिटांत अल्फा ० ते २५५ असतो. शून्य म्हणजे बिंदू असून नसल्यासारखा, २५५ म्हणजे खालचं काहीच दिसणार नाही. सावलीत रंग एकच, काळा. उतरत जातो तो अल्फा: वस्तूच्या बुडाशी १००, मग ८०, ६४, ४०, १२ आणि शेवटी शून्य. अल्फा ६४ असलेला काळा बिंदू पांढऱ्या पानावर पडला, तर पांढऱ्याच्या २५५ पैकी १९१ उरतात आणि डोळ्यांना फिका करडा दिसतो. तोच बिंदू केशरी पट्टीवर गेला, तर ती पट्टी तेवढीच गडद होते. फाइल तीच, एक आकडाही न बदललेली. सावली काढणाऱ्याला ती कशावर पडणार आहे हे माहीत असायची गरजच नाही.

१९८४ मध्ये लुकासफिल्म या चित्रपट कंपनीतल्या टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं बसवण्याचं हे सगळं बीजगणित एका निबंधात पक्कं मांडलं. आजचा कुठलाही चित्रपट, फोन, ब्राउझर त्याच सूत्रांवर चालतो. १९९६ मध्ये स्मिथ, कॅटमल, पोर्टर आणि डफ या चौघांना या कामाबद्दल ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. सिनेमावाल्यांचा प्रश्न केव्हाच मिटला होता.

वेबचं मात्र सगळं वेगळ्याच फाइलवर चाललं होतं. ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जून १९८७ मध्ये जिफ हा प्रकार तयार केला. टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या चित्रांसाठी तो होता, म्हणून काटकसर ठायी ठायी. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शकता आली, पण तीही तशीच काटकसरीची. त्या २५६ पैकी एक रंग 'अदृश्य' म्हणून नेमून द्यायचा. म्हणजे प्रत्येक बिंदू एक तर पूर्ण दिसणार किंवा अजिबात नाही. ६४ नाही, ४० नाही, मधलं काहीच नाही.

यातून वेबवरचा एक जुना रोग निघाला, पांढरी किनार. गोल आकाराची कड पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांची दिसू नये म्हणून चित्रकलेची सॉफ्टवेअर कडेच्या बिंदूंमध्ये वस्तूचा आणि पार्श्वभूमीचा रंग मिसळतात. लाल गोळा पांढऱ्यावर काढला, तर कडेला गुलाबी बिंदूंची एक माळ तयार होते. आता पांढरा रंग अदृश्य नेमून तो गोळा निळ्या पानावर ठेवा. पांढरा गेला, गुलाबी राहिले. गोळ्याभोवती कुरतडल्यासारखी फिकट कड. १९९९ च्या फोटोशॉप ५.५ मध्ये 'सेव्ह फॉर वेब' ही खिडकी आली, तिच्यात 'मॅट' नावाचा एक चौकोन होता तो याच रोगावरचा. पान कोणत्या रंगाचं आहे ते आधी सांगा, म्हणजे कड त्या रंगात मिसळून देतो. पानाचा रंग बदलला की सगळी चित्रं पुन्हा सेव्ह करा. एका साइटवर दोनशे बटणं असली, तर दोनशे वेळा.

मराठी साइटवाल्यांच्या मागे हा ताप जरा जास्तच होता. वाचकाच्या कॉम्प्युटरवर देवनागरी फॉन्ट असेलच याचा भरवसा नसल्याने मथळे आणि मेनूतले शब्द सर्रास चित्रं करून टाकले जात. शिरोरेषा आडवी, ती पिक्सेलच्या ओळीत सरळ बसते. पण वेलांटीची कमान, रफार, 'ळ'चे दोन फुगे हे सगळं वळणांचं काम. गडद पट्टीवरच्या मथळ्यात शिरोरेषा स्वच्छ आणि वरच्या वेलांट्यांना मात्र पांढरी बुरशी लागल्यासारखी, हे दृश्य त्या काळच्या वाचकांना अनोळखी नाही.

आणि सावली? सावलीत तर सगळेच बिंदू मधले. जिफमध्ये ती काढायचे दोनच मार्ग. पानाचा रंग चित्रातच भाजून टाकायचा, नाहीतर एक काळा बिंदू, एक अदृश्य, पुन्हा काळा अशी जाळी विणून डोळ्याला फसवायचं. जाळीची सावली लांबून ठीक वाटते. जवळून बघितली की चाळणी.

जिफची ही मर्यादा लोकांनी कदाचित आणखी दहा वर्षं निमूट सोसली असती. त्यांना हलवलं ते पेटंटने.

जिफमधलं चित्र लहान करून साठवायला एलझेडडब्ल्यू ही पद्धत वापरली होती. इस्राएलचे अब्राहम लेम्पेल आणि याकोव झिव यांच्या १९७८ च्या पद्धतीत टेरी वेल्च याने सुधारणा केली आणि १९८४ मध्ये संगणकशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात ती छापली. लोकांनी वाचली, आवडली, वापरली. वेल्च ज्या स्पेरी कंपनीत होता तिने मात्र वर्षभर आधीच, २० जून १९८३ रोजी, पेटंटसाठी अर्ज करून ठेवला होता. डिसेंबर १९८५ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी स्पेरी बरोज कंपनीत विलीन झाली आणि युनिसिस नावाने उभी राहिली, पेटंटही तिच्याकडे आलं. कॉम्प्युसर्व्हने केलं ते सातबारा न बघता प्लॉटवर बंगला बांधण्यासारखं, आणि तोवर त्या बंगल्यात सगळं जग राहायला आलेलं. १९९४ च्या डिसेंबरअखेर, ऐन नाताळच्या सुट्टीत, जाहीर झालं की जिफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरांना यापुढे परवान्याचे पैसे मोजावे लागतील.

प्रोग्रामर मंडळी भडकली. नुसतं भडकून थांबली नाहीत हे विशेष. ४ जानेवारी १९९५ रोजी थॉमस बूटेल याने यूजनेट या चर्चाजाळ्यावर एका नव्या चित्रप्रकाराचा कच्चा आराखडा टाकला. हां हां म्हणता भोवती मंडळी जमली: फाइल आवळण्याच्या शास्त्रातले जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर, जेपीईजीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा टॉम लेन, पुढे या फाइलवर पुस्तक लिहिणारा ग्रेग रूलॉफ्स आणि असे कितीतरी. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. कुणाला पगार नाही, कुणी साहेब नाही. तरी ७ मार्चला, म्हणजे दोन महिन्यांत, आराखड्याची नववी आवृत्ती गोठवली गेली. नाव ठरलं पीएनजी. १ ऑक्टोबर १९९६ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यावर शिक्का मारला. पानांची सजावट सांभाळणाऱ्या सीएसएसचा नंबरसुद्धा त्यानंतर लागला.

या मंडळींची नजर किती बारीक होती हे फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत दिसतं: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. ८०, ७८, ७१ ही रोमन लिपीत पीएनजी ही अक्षरं. बाकीचे पाच आकडे पहारेकरी आहेत. त्या काळी फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत खराब होत. काही यंत्रणा प्रत्येक बाइटचा आठवा बिट कापत. १३७ मध्ये तो बिट आहे, कापला गेला की चोरी लगेच पकडली जाते. काही यंत्रणा ओळीच्या शेवटाची खूण स्वतःच्या पद्धतीने बदलत. १३-१० आणि शेवटचा १० त्यासाठी. मधला २६ डॉसवाल्यांसाठी: कुणी चुकून फाइल अक्षरं म्हणून पडद्यावर ओतली, तर तिथेच थांबते आणि पडदा चित्रविचित्र खुणांनी भरत नाही. एखादा जुना कारकून लिफाफ्यावर पाच ठिकाणी सही-शिक्का करतो तसलाच हा चोखपणा, आणि मला तो फार आवडतो.

अल्फाबद्दलही त्यांनी हात आखडता घेतला नाही. प्रत्येक बिंदूला आठ किंवा सोळा बिटांचा अल्फा ठेवता येईल. सिनेमावाले रंग अल्फाने आधीच गुणून साठवत. हिशेब झटपट होतो, पण फिकट बिंदूंचा मूळ रंग त्यात हरवतो. पीएनजीने रंग आणि अल्फा वेगवेगळे ठेवले. त्यांचा बाणा असा की या फाइलीत टाकलेलं जसंच्या तसं बाहेर आलं पाहिजे. एका बाबतीत मात्र माझ्या मते त्यांचं गणित चुकलं. हलती चित्रं त्यांनी बाहेर ठेवली. त्यामुळे जिफला एक खोली कायमची मोकळी राहिली, आणि २० जून २००३ रोजी अमेरिकेतलं पेटंट संपल्यावर जिफ तिथून कुणाच्या बापाला हलला नाही. आज मोबाइलवर नाचणाऱ्या शुभेच्छा बघितल्या तर पटेल.

फाइल झाली. ती दाखवायची होती ब्राउझरांनी. १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर दोघेही पीएनजी उघडू लागले, पण अल्फाकडे, त्या चौथ्या आकड्याकडे, धड लक्ष कुणी दिलं नाही. इकडे जानेवारी २००० मध्ये स्टीव्ह जॉब्सने मॅकचा नवा ॲक्वा पडदा लोकांसमोर उलगडला. काचेसारखी बटणं आणि प्रत्येक खिडकीखाली खरोखरीची मऊ सावली. डिझायनरांच्या तोंडाला पाणी सुटलं. आता प्रत्येक ग्राहकाला आपली साइट तशीच हवी होती.

गंमत अशी की मार्च २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच मॅकसाठी काढलेला इंटरनेट एक्स्प्लोरर ५ अल्फा अगदी बिनचूक दाखवत होता. त्याचं इंजिन वेगळ्या चमूने लिहिलं होतं, त्याचा म्होरक्या टँटेक चेलिक. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन ब्राउझरांपैकी मॅकवरच्याला जमत होतं आणि विंडोजवरच्याला नाही. दीडेक वर्षाने विंडोजसाठी सहावी आवृत्ती आली, तरी राखाडी चौकट जागच्या जागी. मग नेटस्केप संपला, स्पर्धा संपली आणि मायक्रोसॉफ्टमधली ब्राउझरची टोळीही पांगली. मक्तेदाराला घाई नसते. २००३ पर्यंत मोझिला, ऑपेरा, ॲपलचा सफारी हे सगळे सावल्या नीट दाखवत होते. बघणारे मात्र थोडे.

विंडोजच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक चोरवाट होती. ५.५ पासून त्यात 'अल्फाइमेजलोडर' नावाचं एक फिल्टर होतं, मायक्रोसॉफ्टच्याच डायरेक्टएक्स या ग्राफिक्सच्या कोठारातलं. चित्र नेहमीच्या रस्त्याने न आणता या फिल्टरमधून आणलं, तर अल्फा चालायचा. म्हणजे क्षमता घरात होती, फक्त दारातून आत येत नव्हती. २००१ मध्ये ॲरन बूडमन याने 'स्लाइट' नावाची छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती पानावरची पीएनजी चित्रं शोधून त्यांना गुपचूप फिल्टरमधून पाठवायची. मूळ चित्राच्या जागी मग काहीतरी ठेवायला हवं, म्हणून तिथे बसायचा एक बाय एक पिक्सेलचा अदृश्य जिफ. ज्याला हुसकावायला पीएनजी जन्माला आली, त्याच्याच पाठीवर बसून तिला पानावर यावं लागलं. ड्र्यू मॅक्लेलनने पुढे ही युक्ती पार्श्वभूमीच्या चित्रांसाठी वाढवली. तीही लंगडीच. फिल्टरमधलं चित्र फरशीसारखं परत परत जोडता येत नसे, त्यावरच्या लिंका कधी कधी दाबल्या जात नसत, आणि वीसेक चित्रं फिल्टरमधून गेली की पान उघडताना यंत्र धापा टाकायचं.

२००४ मध्ये सर्जिओ व्हियारेआल याने 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात फोटोंना सावली द्यायची जी रीत मांडली, ती मला या सगळ्या जुगाडांत उजवी वाटते. तिने ब्राउझरच्या एका दोषावर दुसऱ्या दोषाचा उतारा दिला. सीएसएसच्या नियमात आधी पीएनजीची सावली लिहायची आणि तिला 'महत्त्वाचं' अशी खूण करायची, लगेच खाली जिफची सावली लिहायची. शहाणे ब्राउझर खूण पाळतात आणि मऊ सावली दाखवतात. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ला एकाच नियमात ती खूण कळत नसे, तो शेवटची ओळ उचले आणि जिफची साधी सावली दाखवे. चौकट कुणालाच नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, लोक तिकडे सरकू लागले आणि मायक्रोसॉफ्टला जाग आली. फेब्रुवारी २००५ मध्ये बिल गेट्सनी सातव्या आवृत्तीची घोषणा केली. त्यात पीएनजीचा अल्फा असेल, हे त्या चमूच्या क्रिस विल्सनने एप्रिलमध्ये सांगितलं, तेव्हा डिझायनरांनी जणू पगारवाढ झाल्यासारखा आनंद केला. १८ ऑक्टोबर २००६ रोजी आवृत्ती ७ बाहेर पडली. मानक ठरल्याला दहा वर्षं आणि सतरा दिवस झाले होते.

आपल्याकडे मात्र चौकटीचा मुक्काम लांबला. आवृत्ती ७ उतरवून घेण्याआधी विंडोज अस्सल आहे का याची तपासणी होई. सायबर कॅफेंतली आणि घराघरांतली विंडोज एक्सपी बहुतेक कुठली होती हे सांगायला नको. त्या यंत्रांवर सहावीच राहिली. ऑक्टोबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तपासणीची अट काढली, पण बँका आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या यंत्रणा जुन्या ब्राउझरला जखडलेल्या होत्या आणि तिथला बाबू नव्याला हात लावायला धजत नव्हता. पुण्या-मुंबईच्या डिझायनरांना 'साहेबांच्या पीसीवर नीट दिसत नाही' हा निरोप त्यामुळे पुढेही येत राहिला. ४ मार्च २०१० रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एका डिझाइन संस्थेने सहाव्या आवृत्तीची रीतसर अंत्ययात्रा काढली. मायक्रोसॉफ्टने फुलं पाठवली.

मग नशिबाचा आणखी एक फेरा. २००९ ते २०११ दरम्यान फायरफॉक्स ३.५ पासून इंटरनेट एक्स्प्लोरर ९ पर्यंत सगळ्यांना सीएसएसमधूनच सावली काढता येऊ लागली. चौकोनी पेटीला सावली हवी तर चित्राची गरजच नाही, एक ओळ पुरते. इतक्या वर्षांनी सावली फुकट झाली आणि लगेच फॅशन बदलली. २०१२ मध्ये विंडोज ८ सपाट झाला, २०१३ मध्ये आयफोनचा पडदा सपाट झाला, आणि सावली म्हणजे गावंढळपणा ठरला. २०१४ मध्ये गूगलने मटेरियल डिझाइन या आपल्या शैलीतून ती परत आणली, तेव्हा ती आधुनिक ठरली.

चित्रातल्या सावलीचा प्रश्न उरला तो वजनाचा. चांदीच्या समईचा फोटो, मागची पार्श्वभूमी कापलेली आणि खाली मऊ सावली. जेपीईजीत तो छान आवळला जातो, पण तिथे अल्फा नाही. पीएनजीत अल्फा आहे, पण फोटो कित्येक पटींनी जड होतो. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या वेबपी प्रकारात दोन्ही एकत्र आलं, अल्फाची सोय पुढच्या वर्षी. ॲपलच्या सफारीने तो २०२० मध्ये स्वीकारला, म्हणजे पुन्हा एकदा दहा वर्षं. दरम्यान पीएनजीही निवृत्त झालेली नाही. जून २०२५ मध्ये तिची तिसरी आवृत्ती मानक झाली आणि तिच्यात, तीस वर्षांनी का होईना, हलत्या चित्रांना जागा मिळाली.

आज पार्श्वभूमी कापायला माणूस लागत नाही, फोनवर बोट दाबून धरलं की काम होतं. पण अल्फा अजूनही वाटेत गळतो. दुकानाचा लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो जेपीईजी होतो, पारदर्शक भागात काळा किंवा पांढरा रंग भरतो आणि सावलीभोवती चौकट उमटते. म्हणून फ्लेक्स छापणाऱ्याच्या काउंटरवर आता एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं: "दादा, फोटो नको, डॉक्युमेंट करून पाठवा. पीएनजी."